धानाच्या शेतातील ट्रॅक्टर : बिघाड आणि दुरुस्ती

भिलाईचे नाव घेतले की पोलादाच्या कारखान्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, आणि पुढे तिच्याभोवती एक नवे शहर वसत गेले. १९७० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी हुडको ही याच शहरातील वसाहत होय. तथापि या शहराच्या सीमेबाहेर काही किलोमीटर गेल्यावर धुराडी मागे पडतात आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. दुर्ग जिल्ह्याचा हा प्रदेश मुळात धानाचा. भंडारा-गोंदियाकडच्या मराठी वाचकास तो परका वाटणार नाही; बांधी, धान, रोवणी हे शब्दही त्याच्या ओळखीचेच आहेत.

शहरात राहावे आणि आठ-दहा किलोमीटरवरील गावी वडिलार्जित चार-पाच एकर जमीन कसावी, अशी स्थिती असलेले कुटुंब येथे डोळ्यांपुढे आणावे. ट्रॅक्टर गावी, मालक शहरात, आणि चालवणारा पगारी अथवा नात्यातला. यंत्राच्या बिघाडाचा विचार करताना ही गोष्ट क्षुल्लक समजू नये. यंत्र एकाएकी बंद पडले असे मालक म्हणतो, पण बहुधा ते कित्येक दिवस आधीपासून सूचना देत असते. धूर काळा होतो, क्लचचे पायटे सैल लागते, हौद्याखाली तेलाचा डाग पडतो. ज्याच्या हे नजरेस येते त्याला त्याचे मोल द्यावे लागत नाही, आणि ज्याला मोल द्यावे लागते त्याच्या नजरेस ते येत नाही.

बिघाडाचे खरे गांभीर्य पैशापेक्षाही वेळेत आहे. छत्तीसगढमधील धानाची जुनी पद्धत बियासीची. पहिल्या पावसावर जमीन नांगरून बी फोकून पेरायचे, आणि महिना-सव्वा महिन्याने बांधीत पुरेसे पाणी साठले की उभ्या पिकातून हलका लाकडी नांगर फिरवायचा. त्यामुळे तण दबते, दाट रोपे विरळ होतात, मग विरळ जागी रोपे लावून घ्यायची. उभ्या पिकातले हे काम बैलांचे. मोठ्या ट्रॅक्टरला ते साधत नाही. परंतु त्याआधीची नांगरट, किंवा रोवणीची पद्धत असल्यास पाण्यातली चिखलणी, ही आता बहुतांशी ट्रॅक्टरवर येऊन पडली आहे. कन्हार नावाची येथील काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी टणक असते, पावसाने पुरती भिजली की चाकाला चिकटून बसते. दोहोंच्या मधला वापसा थोड्याच दिवसांचा. पिवळसर, हलक्या मटासी जमिनीत काही अधिक सवड मिळते, पण तिच्यातली ओलही लवकर उडते. या दिवसांत यंत्र चार दिवस उभे राहिले तर गेलेला वापसा पैसे टाकून परत मिळत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. ट्रॅक्टरचा खर्च काढताना त्याचे आयुष्य सामान्यतः दहा वर्षांचे, आणि वर्षाचे काम एक हजार तासांचे धरण्याचा प्रघात आहे. चार-पाच एकरांच्या धानशेतीत नांगरट, चिखलणी, मळणी व वाहतूक मिळून शंभर तासांचे कामही भरणे कठीण. उरलेले तास इतरांच्या शेतात भाड्याने जाऊनच भरून काढावे लागतात, नाहीतर कर्जाचा हप्ता निघत नाही. म्हणजे जूनच्या अखेरीस यंत्र बंद पडले की एका घरचेच नव्हे, ज्यांनी आपली पाळी लावून ठेवली आहे अशा पाच-दहा घरांचे काम अडते. ती घरे दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडे वळतात, आणि पुढच्या वर्षी परत येतीलच असे नाही.

भारतातील ट्रॅक्टरचा इतिहास पाहिला तरी हाच प्रश्न वारंवार समोर येतो. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील काँस गवताने व्यापलेली जमीन मोडून काढण्याचे काम हाती घेतले, तेव्हा तिच्याजवळची काही यंत्रे अमेरिकी सैन्याने युद्धानंतर मागे ठेवलेली होती. पुढे सोव्हिएत संघ, चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी इत्यादी देशांतून नाना बनावटींचे ट्रॅक्टर आले. यंत्र येत असे, पण त्याचा सुटा भाग त्याच्यामागून येईलच असा भरवसा नव्हता. एखाद्या सीलपायी अख्खा ट्रॅक्टर झाडाखाली उभा राही. चालक व मिस्त्री तयार करण्याची निकड ओळखून १९५५ साली नर्मदाकाठच्या बुदनी येथे प्रशिक्षण केंद्र निघाले. छत्तीसगढ १ नोव्हेंबर २००० पर्यंत मध्य प्रदेशातच असल्यामुळे हे केंद्र दुर्गच्या शेतकऱ्याला आपल्याच राज्यातले होते. १९७४ साली बाजारात आलेल्या स्वराज ट्रॅक्टरचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तयार झाला होता. दुर्गापूर हेही भिलाईसारखेच पोलादाचे शहर, हा योगायोग मौजेचा आहे. देशी बनावटीमुळे सुट्या भागांची टंचाई पुष्कळ कमी झाली. यंत्राकडे पाहण्याची शेतकऱ्याची दृष्टी मात्र त्या मानाने बदलली नाही. बैलाच्या खुराला जखम झाली तर त्याच दिवशी हळद-तेल लागते. इंजिनाच्या गाळणीत गाळ साचला तर ते बंद पडेपर्यंत कोणी पाहत नाही.

डिझेल इंजिनाला चार गोष्टी लागतात : स्वच्छ इंधन, स्वच्छ हवा, थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल. शेतातच दूर करता येण्यासारखे बहुतेक बिघाड या चौघांपैकी कोणा एकात अशुद्धता आल्यामुळे अथवा कोणा एकाची वाट अडल्यामुळे होतात.

त्यांतही इंधनाचा क्रम पहिला. गावात डिझेल पिंपात अथवा डब्यात साठवलेले असते. पिंपाच्या तळाशी पाणी व गाळ बसतो, आणि घाईच्या दिवसांत तळाचे डिझेलही टाकीत ओतले जाते. चालता चालता इंजिन धापा टाकू लागले, ओझे पडताच मंद होऊन थांबले, तर प्रथम टाकीचे टोपण उघडून पाहावे. टोपणातील हवेचे बारीक छिद्र चिखलाने बुजलेले असल्यास टाकीत निर्वात होतो आणि डिझेल खाली उतरत नाही. एवढ्याशा कारणासाठी मिस्त्रीला बोलावण्याची वेळ कित्येकांवर आलेली आहे. छिद्र मोकळे असेल तर टाकीची चावी उघडी आहे की नाही ते पाहावे, गाळणीखालच्या काचेच्या भांड्यातील पाणी काढून टाकावे, आणि गाळणी बदलण्याची मुदत उलटली असल्यास ती बदलावी.

गाळणी बदलल्यावर, किंवा टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर, इंधनाच्या नळ्यांत हवा शिरते. मिस्त्रीच्या भाषेत इंजिन ‘एअर घेते’. डिझेल दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते. म्हणून नळीत बुडबुडा राहिला की पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो आणि नोझलमधून फवारा सुटत नाही. स्टार्टर फिरवत राहिल्याने केवळ बॅटरी उतरते. उपाय सोपा आहे. पहिल्या गाळणीच्या माथ्यावरील स्क्रू दोन-तीन आटे सैल करावा आणि हातपंपाचा दांडा खालीवर करावा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड स्वच्छ धार. धार लागताच, पंप चालू असतानाच, स्क्रू आवळावा. हेच दुसऱ्या गाळणीशी आणि शेवटी इंधनपंपाशी करावे. क्रम टाकीकडून इंजिनाकडेच असावा, उलटा नव्हे. एवढ्यानेही इंजिन न चालल्यास नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांच्या चाक्या थोड्या सैल करून स्टार्टर फिरवावा आणि डिझेल उसळू लागताच त्या घट्ट कराव्यात. हे काम एकदा पाहिले की कोणासही जमते. दुपारभर मिस्त्रीची वाट पाहायची आणि त्याने येऊन दहा मिनिटांत एवढेच करायचे, हा प्रकार टाळता येण्यासारखा आहे.

हवेचे काम याहूनही साधे, पण दुर्लक्षाची शिक्षा फार मोठी. मे महिन्याच्या कोरड्या नांगरटीत आणि मळणीच्या भुशात इंजिन धूळ ओढते. ती अडवण्यासाठी जुन्या बनावटीत तेलाचे भांडे असलेली हवागाळणी असते. धुळीच्या दिवसांत हे भांडे रोज काढावे, तळाचा गाळ पुसावा, आणि नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरलेले तेल इंजिन ओढून घेते. क्वचित ते त्या तेलावरच बेफाम धावू लागते व डिझेल तोडूनही थांबत नाही. कागदी गाळणी असल्यास तिला पाणी लावू नये. हलक्या हाताने झटकावी आणि मुदत संपल्यावर बदलावी. गाळणीपुढील रबरी नळीला चीर गेली असेल तर गाळणी कितीही स्वच्छ असून उपयोग नाही. न गाळलेली धूळ पिस्टनच्या कड्या आणि लायनर यांना कानशीप्रमाणे घासत राहते, आणि ज्याचे हजारो तास काम व्हायचे ते इंजिन थोड्याच हंगामांत उघडण्याची पाळी येते.

धुराचा रंग येथे वाटाड्यासारखा उपयोगी पडतो. काळा धूर म्हणजे हवा कमी अथवा ओझे जास्त. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर इंधन नीट जळत नाही किंवा आत पाणी शिरत आहे असे समजावे. काळ्या धुरासाठी इंधनपंप उघडायला लावणारा मिस्त्री भेटल्यास त्याला आधी हवागाळणी दाखवावी.

इंजिन तापू लागले तर रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला आहे काय, आणि पंख्याचा पट्टा सैल आहे काय, हे प्रथम पाहावे. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर पट्टा साधारण एक ते दीड सेंटीमीटर दबावा, अधिक नव्हे. तापलेल्या रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये. पाणी आटलेल्या तप्त इंजिनात थंड पाणी ओतणे हा तर त्याचा घात होय. हेडला तडा जातो. सावलीत उभे करून ते निवू द्यावे.

तेलाची पट्टी रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, सपाट जागी उभे करून पाहावी. पट्टीवरील तेल काळे असल्यास भिण्याचे कारण नाही, डिझेल इंजिनाचे तेल काळे होतेच; ते दुधाळ दिसले तर मात्र इंजिन त्या क्षणापासून सुरू करू नये. तेलात पाणी मिसळल्याची ती खूण आहे.

धानशेतीचा स्वतःचा म्हणून एक बिघाड आहे, त्याची माहिती गव्हाच्या प्रदेशासाठी लिहिलेल्या पुस्तकांत फारशी सापडत नाही. चिखलणीत ट्रॅक्टर तासन्तास गुडघाभर पाण्यात चालतो. पुढच्या चाकांचे हब, मागच्या आसाची टोके, ब्रेकची घरे, क्लचचे घर या सर्वांशी पाणी व बारीक गाळ झोंबत असतात. आत शिरण्यापासून त्यांना रोखतो तो केवळ रबराचा एक सील. त्याची कड झिजली की गाळ बेअरिंगमध्ये जातो, आणि पुढे ट्रॉली ओढताना ते बेअरिंग फुटते. म्हणून चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी, यंत्र धुतल्यावर, जुने ग्रीस गढूळ पाण्यासह बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप मारावा. क्लचच्या घराखाली पाणी अडवण्याची बूच असल्यास चिखलात उतरण्यापूर्वी ती बसवावी आणि काम संपल्यावर काढावी. काढायची विसरली तर आत झिरपलेले तेल साठून क्लचची पट्टी भिजते. हंगाम संपताच मागच्या पेटीतले तेल थोडे काढून पाहावे. बऱ्याच बनावटींत हेच तेल अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकलाही जाते. ते दुधाळ झालेले असतानाही तसेच ठेवले, तर पुढल्या वर्षी ‘लिफ्ट उचलत नाही’ ही तक्रार ठरलेली.

आता प्रश्न येतो मर्यादेचा. कोणते काम स्वतः करावे आणि कोणते करू नये? भिलाईसारख्या शहरात हा प्रश्न अधिकच नाजूक होतो, कारण लेथ चालवणारे, वेल्डिंग करणारे, पोलादाची जात ओळखणारे कुशल हात येथे सहज मिळतात. फाळ, अवजारांच्या सांगाड्याचे तुटलेले जोड, पिना, बुश, ट्रॉलीचा आकडा ही कामे ते उत्तम करतात, आणि दुकानातल्या तयार भागापेक्षा कधी कधी सरसही. मात्र या सुबत्तेमुळे एक मोह उत्पन्न होतो, तो म्हणजे जे तुटेल ते जोडून घेण्याचा. सुकाणूचे दांडे व त्यांचे सांधे वेल्डिंगने कदापि जोडू नयेत. जोडाशेजारचे पोलाद उष्णतेने बदललेले असते आणि भरल्या ट्रॉलीसह रस्त्यावर ते तुटले तर सावरायला संधीच मिळत नाही. गिअरपेटी ओतीव लोखंडाची असते. ती न तापवता, साध्या कांडीने जोडली तर शेजारी नवी चीर जाते. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा आधी सोडवाव्या लागतात, हेही पुष्कळदा राहून जाते.

इंधनपंप आणि नोझल यांची गोष्ट निराळी. पंपातील दट्ट्या व त्याचे घर यांतील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. म्हणूनच डिझेलमधील न दिसणारी धूळ तेथे चरे पाडते. लेथवरचा निष्णात कारागीरही हे काम करू शकत नाही, आणि बांधावर बसून पंप उघडणाऱ्या मिस्त्रीने ते करू नये. त्यासाठी पंप तपासण्याचे यंत्र असलेली कार्यशाळाच हवी. तसेच क्लचची पट्टी बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवून त्याचे दोन भाग करावे लागतात. पक्की फरशी, भक्कम घोडे आणि वजन उचलण्याची सोय नसेल तेथे हे धाडस करू नये. क्लचच्या पायट्यावर विनाकारण पाय ठेवून चालवण्याची सवय सोडली तर या कामाची वेळ बरीच पुढे ढकलता येते.

दुरुस्तीच्या गडबडीत माणसे जखमी होतात, प्रसंगी प्राणासही मुकतात. यंत्राच्या नुकसानीपेक्षा याचे भय अधिक असावे. नोझलचा फवारा सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाने सुटतो आणि हाताची कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, परंतु आत गेलेले डिझेल मांस नासवते. अशा माणसाला घरगुती उपचार न करता तत्काळ इस्पितळात न्यावे. केवळ जॅकवर तोललेल्या ट्रॅक्टरखाली शिरू नये. फिरता दांडा उघडा असताना धोतर, लुगडे, उपरणे जवळ नेऊ नये. आणि चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना आडवे लाकूड बांधून पुढे जाण्याचा प्रयत्न कधीही करू नये. लाकूड अडकून चाक थांबते, इंजिनाचा जोर आसाभोवती पुढचे धूड वर उचलतो, आणि चालकाला उडी मारायलाही अवधी न मिळता ट्रॅक्टर त्याच्या अंगावर उलटतो. मागे घेऊन पाहावा; न निघाल्यास अवजार सोडवून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावा.

अलीकडे मर्यादेच्या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. भारतात ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागू झाले, आणि ते पाळण्यासाठी अशा इंजिनांत इंधनाचे नियमन विद्युत-यंत्रणेकडे गेले. अशा यंत्राचा बिघाड पान्याने नव्हे, संगणकाने शोधावा लागतो. अमेरिकेत हा संगणक कोणाच्या हाती असावा यावरून शेतकरी आणि उत्पादक यांच्यात मोठा वाद झाला. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा करून शेतकऱ्यास आपल्या यंत्राच्या दुरुस्तीचा हक्क दिला. भारत सरकारनेही २०२२ साली या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिने विचारात घ्यायच्या क्षेत्रांत शेतीच्या यंत्रांचा समावेश होता. चार-पाच एकरांच्या धन्याला ५० अश्वशक्तीच्या पुढे जाण्याचे कारण नसते. शेजाऱ्याचा मोठा ट्रॅक्टर पाहून तो तिकडे वळू लागला, तर त्याची दुरुस्ती गावापासून किती अंतरावर होते हे त्याने आधी विचारून घ्यावे.

सुटे भाग घेताना इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक लिहून न्यावा आणि जुना भाग बरोबर ठेवावा. एकाच नावाच्या ट्रॅक्टरात सालागणिक भाग बदललेले असतात. पावसाळ्यापूर्वी घरात दोन इंधनगाळण्या, पंख्याचा एक पट्टा, रेडिएटरची रबरी नळी, तांब्याचे वायसर, अवजाराच्या पिना व एका बदलापुरते तेल असावे. यांची किंमत हंगामातल्या एका वाया गेलेल्या दिवसाच्या भाड्याहून क्वचितच अधिक भरेल. मालक शहरात राहत असेल तर आसनाखाली एक वही ठेवणे फार उपयोगाचे ठरते. तासमापकाचा आकडा, भरलेले डिझेल, बदललेले तेल आणि चालकाला जाणवलेली प्रत्येक खोड तीत लिहावी. लिहिता येत नसेल तर त्याने संध्याकाळी सांगावे आणि मालकाने टिपून घ्यावे. सांगितल्याबद्दल बोलणी मात्र खावी लागू नयेत. एकदा रागे भरला की चालक पुढच्या वेळी गप्प राहतो.

छत्तीसगढमध्ये या निगराणीला एक दिवसही ठरलेला आहे. हरेली हा तेथील शेतकऱ्याचा सण श्रावण अमावास्येला येतो. महिना पौर्णिमेला संपवण्याच्या उत्तरेकडील रीतीमुळे महाराष्ट्राच्या पंचांगात तीच दिव्यांची अवस, आषाढ अमावास्या. त्या दिवशी नांगर, कुदळ, फावडे धुऊन मांडतात, पूजा करतात आणि तांदळाच्या पिठाच्या चिल्याचा नैवेद्य दाखवतात. नांगरटीची धांदल तोवर बहुतांशी उरकलेली असते. नांगरांच्या ओळीत आता ट्रॅक्टरही उभा राहतो. धुण्याच्या निमित्ताने हबचे सील, नळ्यांच्या चिरा आणि सैल नट त्याच दिवशी पाहून घ्यावेत. मागच्या पेटीचे तेलही तेव्हाच तपासावे, कारण त्यानंतर मळणी आणि धान खरेदी केंद्रावरची वाहतूक सुरू होईपर्यंत यंत्राला फारसे काम नसते. या रिकाम्या दिवसांत टाकी डिझेलने काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आतल्या हवेतील बाष्प पाणी होऊन तळाशी बसत नाही. बॅटरीची ऋण तार सोडवावी, धुराच्या नळीच्या तोंडावर डबा उपडा घालावा, उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना हे अधूनमधून पाहावे, आणि पंधरा दिवसांतून एकदा इंजिन सुरू करून नीट तापेपर्यंत चालू द्यावे.